शिळं पाणी

शून्य आलं तेव्हा ऑफिसात टाळ्या वाजल्या. सभेत वाजतात तशा नव्हेत. साहेबांनी केबिनच्या दारात उभं राहून तीन-चार वाजवल्या, त्या ऐकून नकाशे काढणाऱ्या दोघींनी वाजवल्या, आणि काय झालंय याचा पत्ता नसलेल्या शिपायानेही दोन वाजवून घेतल्या, उगाच आपण मागे नको. जमिनीखालच्या पाण्याची राखण करणारं हे खातं. इथे आनंदाची बातमी अशी येतच नाही कधी. विहीर आटली, बोअर खारी झाली, कारखान्याने काही सोडलं, हेच रोजचं. आणि आज, बंद पडलेल्या त्या लॉन्ड्रीच्या मागच्या घरातली बोअर, जिच्या हातपंपाला खात्याने साखळी आणि कुलूप घातलं होतं, तिच्या पाण्यात कपडे धुवायचं औषध शून्य. "किडेवाल्या बाई, जिंकलात!" साहेब म्हणाले. किडेवाली हे नाव तिला चिकटून जुनं झालं होतं. ही घाण उपसून निघणार नाही, जमिनीतल्या जिवाणूंकडूनच साफ करून घ्यावी लागेल, आपण फक्त त्यांना खायला घालायचं, असं ती मीटिंगमध्ये पहिल्यांदा बोलली तेव्हा मागच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं होतं, मग आधी ऑफिसातली झुरळं लावा कामाला. तेच सगळे आता टाळ्या वाजवत होते. ती हसली, मान हलवली, फोन उचलून जिन्यात गेली आणि कुणाशी काही बोलायच्या आधी तिने घरी फोन लावला. "बाबा, शून्य आलं." पलीकडे पंख्याचा आवाज. मग, "शून्य म्हणजे अगदी शून्य?" "अगदी शून्य." "म्हणजे ताईची बोअर…" "हो, बाबा," ती म्हणाली. हो म्हणाली! जिन्यात अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तो फरशीवर आपटावा, तसा तो हो तिच्याच कानावर आपटला. पण तोवर बाबांनी फोन ठेवला होता, आणि ती चहाला म्हणून उन्हात बाहेर पडली.

चहावाला कोपऱ्यावर. वाटेत किल्ल्या बनवणारा, मग चष्म्याचं दुकान, मग काचेच्या दाराची एक नवी लॉन्ड्री. रोज याच रस्त्याने ती जायची आणि रोज ते दार बंद असायचं. आज कुणीतरी त्याला वीट लावून ठेवली होती. आतून वास आला, गोडसर, थंड, नाकातून शिरून थेट डोळ्यांमागे जाऊन बसणारा, आणि ती भर फुटपाथवर खिळली. मागून येणारा एक माणूस तिच्यावर आदळता आदळता वाचला, काहीतरी पुटपुटत गेला. तिच्या पोटात आनंद झाला होता. लाज वाटावी असा, लहान पोरीचा आनंद. शाळा सुटली की ती बाबांच्या दुकानात जायची. पुढे गिऱ्हाईक, मागे ते मोठं गोल मशीन, आणि मशीनच्या शेजारी नुकत्याच निघालेल्या कोमट कोटांचा ढीग. त्या ढिगात ती झोपायची. बाबा उचलून घ्यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला, केसांना, बोटांच्या पेरांना हाच वास. आईला तो सहन व्हायचा नाही, "आधी अंघोळ, मग जेवण" असा तिचा कायदा होता. पण मुलीला मात्र त्या वासाशिवाय बाबा हे बाबा वाटायचेच नाहीत. बाबा त्याला औषध म्हणायचे. डागाचं औषध. "डागाला आधी विचारायचं, तू कोण? तेल की शाई की रक्त? आणि मग औषध द्यायचं," असं ते सांगायचे, आणि तोंडाने डागाचा आवाज काढून उत्तरही द्यायचे. मशीनच्या तळाशी जो काळा गाळ उरायचा तो बादलीत काढून मागच्या दाराने गटाराच्या कडेला ओतायचे. लपूनछपून नाही, दिवसाढवळ्या, शीळ घालत. औषध पुरवणारा माणूस म्हणाला होता, "शेठ, बिनधास्त ओता, हे उडून जातं." थोडं उडालंही असेल. बाकीचं उतरलं. पाण्यापेक्षा जड असतं ते. मातीतून, मुरमातून, वाट मिळेल तिथून वर्षानुवर्षं खाली उतरत राहिलं आणि उताराच्या बाजूला, गल्लीच्या पलीकडे, बाबांच्या ताईच्या, म्हणजे तिच्या आत्याच्या अंगणाखाली जाऊन थांबलं.

चहाचा ग्लास हातात घेऊन ती उभी राहिली आणि आपल्याला नेमकं काय होतंय ते तिला कळेना. आज तर तिने नाचायला हवं होतं. बापाने ओतलेलं लेकीने पुसलं, असं कुणीही म्हणालं असतं, साहेब तर निरोपसमारंभाच्या भाषणात नक्की म्हणणार. मग हे छातीत कसलं रिकामं रिकामं? बाबांचा तो वास आता जगात कुठेच उरला नाही, म्हणून? सदरे केव्हाच फाटले, दुकानाला टाळं लागलं, बाबांच्या अंगाला आता मलमाचा वास येतो. जमिनीच्या पोटात तेवढा तो जपून ठेवलेला होता, आणि तोही तिने किड्यांकडून संपवून घेतला. "छे, काय वेड्यासारखं," ती स्वतःशी बोलली, चहावाल्याने वर बघितलं. पण विचार एकदा पायात घोटाळायला लागला की मांजरासारखा हटत नाही. संपवून घेतला म्हणजे काय? गेला कुठे तो? शून्य होतं तेव्हा कशाचं तरी दुसरं काहीतरी झालेलं असतं. हे ती स्वतःच नव्या माणसांना शिकवायची. औषधाच्या प्रत्येक कणाला चार दात आहेत असं समजा, ती सांगायची; शाळेतलं वाटेल, पण डोक्यात राहतं. खोल, जिथे हवा पोचत नाही, तिथे जिवाणूंना आपण मळी घालतो, साखर कारखान्यातली काळी चिकट मळी. ते मळी खातात, आणि हवा नसल्यामुळे श्वास म्हणून हे औषधच घेतात. दर श्वासाला एक दात पडतो. चाराचे तीन, तिनाचे दोन, दोनाचा कसाबसा एक. इथवर बरेच जण येतात. पण शेवटचा दात नीट पाडणारी जमात एकच, आणि ती महा नाजूक. तिला हवेचा वारा लागला तरी ती माना टाकते. म्हणून ती बाहेरून आणून, सांभाळून सोडावी लागते. ती नसेल तर एकदाती तसंच पाण्यात राहतं. आणि हे एकदाती मूळ चौदातीपेक्षा वाईट. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. त्याला वाससुद्धा कळण्यासारखा नाही. रोज पिणाऱ्याच्या यकृतात ते निवांत बसून काम करत राहतं.

चहा तसाच ठेवून तिने फोन लावला. प्रयोगशाळेतली बाई तिची जुनी ओळखीची, बोलायला फटकळ, कामाला पक्की. "अभिनंदन हो! शून्य पाठवलंय मी तुम्हाला, पार्टी कधी?" "एकदाती बघितलंत का?" ती म्हणाली. "ते कुठे सांगितलं होतं? तुमच्या साहेबांचा फोन आला, मूळ औषध तेवढं लावा, लवकर हवंय. मी तेवढंच लावलं." "जोडबाटली आहे? त्याच नमुन्याची दुसरी?" "आहे ना फ्रिजात. काठोकाठ, एक बुडबुडा नाही. म्हणजे तुमच्याच हातची." "लावा ना. माझ्यासाठी." "आज? अहो, मशीनला रांग लागलीय…" "आजच. पाया पडते." "बरं बरं, रडू नका. जेवणानंतर लावते." ती रडत नव्हती. निदान तिला तसं वाटत नव्हतं. चहावाला मात्र पैसे घेताना तिच्याकडे बघायचं टाळत होता.

ऑफिसात परत आली तर साहेब तिच्या टेबलाशी वाटच बघत उभे. माणूस वाईट नाही. बदलीच्या उंबरठ्यावर आहे इतकंच, आणि जाताना एखादं तरी कुलूप आपल्या हाताने उघडावं अशी त्याची इच्छा आहे. "सही करा, उद्या सकाळी फोटोग्राफर घेऊन जाऊ. तुमच्या आत्याच्या हातात किल्ली देऊ. घरचं कार्य!" "संध्याकाळपर्यंत थांबा, साहेब." "का?" तिने सांगितलं. साहेबांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला. "बाई, जे शोधायला सांगितलं ते सापडलं नाही. जे शोधायला कुणी सांगितलंच नाही ते शोधून आपण काय करणार? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण." "प्यायचं पाणी आहे ते." "मग प्यायचंच आहे ना!" ते बोलून गेले, आणि आपण काय बोललो ते कळून स्वतःच ओशाळले. "संध्याकाळपर्यंत," ते म्हणाले आणि केबिनमध्ये जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. ती खुर्चीत बसली. काम करायचं सोंग करत बसली. नकाशातल्या निळ्या रेघा डोळ्यांपुढे वळवळत होत्या. लॉन्ड्रीपासून गल्ली, गल्लीपासून अंगण. लोक देव पाण्यात घालून बसतात. हिचा तर सगळा जीवच त्या फ्रिजातल्या बाटलीत पडला होता.

आत्या बाबांहून मोठी. नवरा लवकर गेला, मूल नाही, माणूस काटक आणि जीभ त्याहून काटक. दुकान चालायला लागलं त्या वर्षी बाबांनी पहिल्या कमाईतून तिच्या अंगणात ही बोअर मारून दिली होती. पाणी लागलं तेव्हा चिखलाने भरलेली आत्या पहिला ग्लास घेऊन आली तो भावासमोर. "आधी तू पी, शहाण्या. पैसे तुझे गेलेत." हे ती लहानपणापासून ऐकत आली होती, बाबांकडून वेगळं आणि आत्याकडून वेगळं, आत्याच्या सांगण्यात बाबांनी तोंड वेडंवाकडं केलं होतं, बाबांच्या सांगण्यात तसं गोड पाणी पुन्हा प्यायला मिळालं नाही. आणि मग खात्याची माणसं साखळी घेऊन आली, त्यांच्याबरोबर तीही होती, बाबाही होते. आत्या रिकामी बादली धरून उभी. साखळी दांड्याभोवती फिरली, कुलूप खट्ट झालं, लाल रंगाने फुली मारली. आत्या एक अक्षर बोलली नाही. बोलली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तर बाबा वाचले असते. ती नुसती बादली घेऊन आत गेली आणि तिने दार लोटलं. त्या दिवसापासून बाबा त्या गल्लीत गेले नाहीत. फोन नाही, निरोप नाही. "ती मला पाण्यात बघते," ते म्हणायचे. "तिची चूक नाही. बहिणीला ओवाळणी घालावी आणि त्यात विंचू निघावा, तसं झालं." आत्याकडे तिने कधी विषय काढला तर आत्या म्हणायची, "त्याला पाय नाहीत का?" तिकडून तो फोन करत नाही, इकडून ही करत नाही, दोघंही एकाच मातीची, फोडलं तरी आतून दगडच. आणि रोज रात्री जेवताना बाबा एकदाच, भाताकडे बघत विचारायचे, "तुझे किडे काय म्हणतायत?" त्या प्रश्नासाठी तर ती इतकी राबली होती. शून्य आलं की बाबा उठतील, पायात चपला घालतील, गल्ली ओलांडतील. तिला जमिनीपेक्षा ते हवं होतं, हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

दुपार चढली तसा तिच्या डोक्यात एक वास यायला लागला. औषधाचा नव्हे, दुसराच. कुजका, सडक्या अंड्याचा. आधी तिला वाटलं, खिडकीतून येतोय. मग कळलं की आठवणीतून येतोय, आणि ती ताठ बसली. ती नाजूक जमात जमिनीत सोडली तो दिवस. दुकानाच्या मागे टाकी होती. टँकवाला नळी घेऊन उभा, सकाळची घाई, बाटलीबंद जिवाणू थंड पेटीत वाट बघताहेत, आणि तिचा फोन वाजत होता; बाबा बाथरूममध्ये पडले होते, शेजारीण सांगत होती, शुद्धीवर आहेत पण उठवत नाही. ती एका कानाने शेजारणीचं ऐकत होती. टँकवाल्याने टाकीचं झाकण उघडलं आणि भपकारा आला. पाणी पिवळट, शिळं, वर साय धरलेली. "शी! हे कसलं घाण पाणी? ओतून टाका ते," ती म्हणाली, "नळाचं ताजं भरा." टँकवाल्याने तिच्याकडे एकदा बघितलं. "बाई, नक्की?" "अहो, नक्की काय विचारता? वास येतोय त्याला!" त्याने ओतलं. नळ सोडला. पाणी फेसाळत, चमचमत, बुडबुड्यांनी भरून टाकीत पडलं, आणि त्या ताज्या, स्वच्छ, हवेने भरलेल्या पाण्यातून तिने आपल्या हाताने ते जीव जमिनीत सोडले. ते शिळं पाणी तिनेच सांगून ठेवलेलं होतं. मळी घालून, झाकण लावून, त्यातली सगळी हवा मरेपर्यंत मुरवत ठेवलेलं. दुनियेत फक्त तेच पाणी त्यांना चाललं असतं. तिला ठाऊक होतं, तिने पोरासोरांना शिकवलं होतं, आणि ऐन वेळी तोंडातून कोण बोललं? लॉन्ड्रीवाल्याची मुलगी बोलली. धुवायला पाणी ताजंच. वास आला की ओतून टाक. बाबांनी दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

हे आत्ता, या खुर्चीत, तिला लख्ख दिसलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. इतके दिवस हे डोक्याच्या कुठल्या कोपऱ्यात दबून होतं? बाबा बरे झाले, काठी घेऊन चालू लागले, आकडे खाली यायला लागले, आणि ती त्या उतरत्या रेघेकडे बघून अर्ध्या हळकुंडाने पिवळी होत राहिली. बरं, झालं ते झालं. पुन्हा करता येईल. नवे जीव मागवायचे, पाणी मुरवायचं, पुन्हा सोडायचे. मरण नाही आलं कुणाला. पण बाबांना ती हो म्हणाली होती. बाबांना आता सांगायचं काय? शून्य, पण शून्य नाही? तिने घरी फोन लावला. वाजला, वाजत राहिला. दुपारची झोप असेल. पुन्हा लावला. पंख्याखाली फोन वाजताना तिला दिसत होता, शेजारची रिकामी खाट दिसत होती, आणि ती रिकामीच का दिसतेय म्हणून ती स्वतःवर चिडली. तेवढ्यात दुसरा फोन आला. प्रयोगशाळेतली बाई. आज पहिल्यांदाच तिचा आवाज खाली होता. "अहो… आहे. भरपूर आहे. रेघ कागदाबाहेर जायला बघतेय." "हं," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं का?" "हं." "म्हणजे ते सगळं तिथेच अडकलंय?" "शेवटचा दात पाडणारे मेलेत," ती म्हणाली, "मी मारले." पलीकडची काहीतरी समजुतीचं बोलत होती. हिने फोन ठेवून घरच्या इमारतीच्या रखवालदाराला लावला. "आजोबा?" तो म्हणाला. "ते तर केव्हाच गेले की, ताई. टॅक्सी बोलावून दिली मी. कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी म्हटलं, लग्नाला का? तर म्हणाले, बहिणीकडे."

टॅक्सीत ती पुढच्या सीटच्या पाठीला धरून बसली. सिग्नल लाल, मग पुन्हा लाल. एका ग्लासाने काही होत नाही, ती स्वतःला बजावत होती. वर्षानुवर्षं रोज प्यायलं तर होतं, एका ग्लासाने नाही, हेच तिने लोकांना समजावून सांगितलं होतं, शांतपणे, हातवारे न करता. आणि कुलूप तर आहे. किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे. असं सगळं मुद्देसूद असूनही तिला सीटची पाठ सोडवत नव्हती. कारण ती खरी घाबरली होती ती पाण्याला नाहीच. आता आपण तिथे जाणार आणि बोलणार, आणि आपण बोललो की बाबा उठतील, काठी घेतील, पुन्हा त्या गल्लीत पाऊल टाकणार नाहीत. या वयात माणूस असा दोनदा निघत नाही. क्षणभर, अगदी क्षणभर, तिच्या मनात आलं की टॅक्सी वळवावी. एक संध्याकाळ तरी त्या दोघांना मिळू दे. उद्या सांगू. साहेब म्हणतात तसं, जे कुणी विचारलं नाही ते. तो विचार तिला इतका गोड लागला की तिला शिसारी आली. "जरा जोरात घ्या ना," ती ड्रायव्हरला म्हणाली. तो म्हणाला, "बाई, उडून जाऊ का?"

फाटक उघडंच होतं. अंगणात, लाल फुलीशेजारी, साखळी जमिनीवर पडली होती आणि कुलूप ठेचून वाकडं झालं होतं. हातोडी अजून कट्ट्यावर. पंपाखाली ओलं. पेरूच्या झाडाखाली दोन खुर्च्या, आणि दोन खुर्च्यांत ते दोघं. बाबांच्या हातात काचेचा ग्लास, अर्ध्याला आलेला. दोघं हसत होते. म्हणजे आत्या हसत होती आणि बाबा, गाल ओले, मान खाली घालून हसल्यासारखं काहीतरी करत होते. "आली बघ तुझी शास्त्रज्ञ," आत्या म्हणाली. "ये गं. या शहाण्याला कुलूप फोडता येईना, तीन घाव मी घातले. पहिला ग्लास त्यालाच दिला हो, नेमाप्रमाणे. पण या खेपेला एक घोट आधी मी घेतला. म्हटलं, काही असलं तर मला आधी होऊ दे." ती पुढे झाली. चपला चिखलात रुतल्या. तिने ग्लास धरला. बाबांनी सोडला नाही. त्यांच्या बोटांच्या पेरांवरची ती पांढरी, औषधाने कायमची सुकलेली कातडी तिच्या बोटांना लागली. "सोडा, बाबा." "का गं?" "शून्य नाहीये."

पेरूवरचा एक पक्षी उडाला. तिने सांगितलं. चार दात सांगितले, एक दात सांगितला, टाकी सांगितली, शिळं पाणी सांगितलं, ताजं पाणी सांगितलं. सांगताना तिचा आवाज वर वर जात होता आणि ती तो आवरत नव्हती. "मीच ओतायला लावलं. तुम्ही पडला होता, माझं लक्ष… नाही, तुमच्यामुळे नाही. वास आला म्हणून. मला ती घाण वाटली." बाबा ऐकत होते, पण ऐकून काय कळत होतं देव जाणे. त्यांनी फक्त बहिणीकडे बघायचं सोडून दिलं होतं, डोळे चपलांवर आणले होते. मग त्यांनी दुसऱ्या हाताने काठी चाचपली. "शून्य म्हणालीस म्हणून आलो मी," ते अगदी हळू म्हणाले. "नाहीतर कुठल्या तोंडाने आलो असतो?"

"बस खाली," आत्या म्हणाली. ते अर्धवट उठले होते. "बस म्हटलं ना! शून्य कुणी मागितलं होतं तुझ्याकडे? का मी काय तहानेने मरत होते? नळ आहे घरात, धो धो येतो. मी दार लोटलं ते रडू फुटलं म्हणून. तुझ्यापुढे रडायचं नव्हतं मला. म्हटलं, येईल मागून, कडी वाजवेल. कडी लावलीच नव्हती मी. इतके दिवस नुसतं लोटलेलं आहे ते दार, चोर येईना का, भाऊ येईना!" तिचा आवाज चिरकला आणि तिला त्याचाच राग आला. "आणि तू गं, बये. किडे मेले तर दुसरे आण. साखळी आहे, नवं कुलूप घाल. तुला काय वाटलं, मी पंपाशी लग्न लावलंय?"

बाबा बसले, काठी मांडीवर आडवी. मग, रिकामपणात माणूस करतो तसं, त्यांनी उरलेला ग्लास हाताळला आणि हात सवयीने बाजूला गेला, कट्ट्याच्या कडेला, जिथून ओघळ थेट मातीत जातो. मनगट वळलं, पाणी काठाशी आलं, आणि तिथेच थांबलं. ते त्या ग्लासाकडे बघत राहिले. खाली माती होती. झाडाच्या मुळाशी माती, फाटकापर्यंत माती, गटाराच्या कडेला माती. आत्याही बघत होती. तिने हात पुढे केला, आणि घेऊन करायचं काय ते न कळून मागे घेतला.

"मग हे ओतू कुठे गं?" बाबांनी विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. तिने खांद्यावरची पिशवी खाली घेतली आणि आत हात घातला. नमुन्याची बाटली तळाशी कुठेतरी होती, नेहमी असते, किल्ल्यांखाली, रुमालाखाली. "थांबा," ती कशीबशी म्हणाली, "देते." बाबांनी ग्लास मांडीवर घेतला. हवा लागू नये म्हणून असेल, किंवा सांडू नये म्हणून, त्यांनी दुसरा तळवा त्याच्यावर ठेवला, आणि तिला बाटली सापडेपर्यंत ते तसेच ग्लास झाकून बसून राहिले.